आणीबाणीच्या गोळीकडून नित्याच्या गोळीकडे : एच.आय.व्ही. प्रतिबंधाविषयी एक अभ्यासलेख

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, शस्त्रक्रियांची संख्या आणि देणगीदारांची नामावली यांच्याबरोबरच एखाद्या वैद्यकीय विषयाची सविस्तर माहिती देण्याची आमची प्रथा आहे. आपण दिलेल्या पैशातून कोणते ज्ञान रुग्णाच्या उपयोगी पडते, हे आपल्याला कळावे हा त्यामागील हेतू. या वर्षासाठी निवडलेला विषय काही वाचकांना अवघड वाटण्याचा संभव आहे. समलैंगिक पुरुषांमधील एच.आय.व्ही. प्रतिबंधाविषयी ट्रस्टच्या अहवालात लिहावे की नाही, यावर आमच्यातही चर्चा झाली. लिहावे असे ठरले, ते एका रुग्णाने आम्हाला विचारलेल्या प्रश्नामुळे. तो प्रश्न प्रथम सांगणे योग्य होईल. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशिलात बदल केला आहे आणि हा वृत्तान्त छापण्यास त्याची संमती घेतली आहे.

एक प्रश्न

पंचविशीतील एक तरुण एका सोमवारी सकाळी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला. शनिवारी रात्री एका पुरुषाशी त्याचा शरीरसंबंध आला होता आणि निरोध फाटला होता. कोणाला विचारावे हे न कळल्याने रविवार त्याने खोलीत बसून काढला. आमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी त्याला प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. अठ्ठावीस दिवसांचा क्रम पूर्ण झाला, तपासणी निर्दोष आली. ‘आता काळजी घ्या,’ असे सांगून आम्ही त्याला निरोप दिला. पाच महिन्यांनी तो पुन्हा आला, त्यानंतर आणखी एकदा आला. दोन्ही वेळा तेच घडले. तीच औषधे, तेच अठ्ठावीस दिवस आणि तोच निरोप.

चौथ्या वेळी मात्र तो पाचव्या दिवशी आला. गौरी-गणपतीसाठी तो गावी गेला होता. घर पाहुण्यांनी भरलेले होते आणि मधेच शहरात परतण्याचे कारण आईला काय सांगावे, हे त्याला सुचले नाही. औषधाचा उपयोग होण्याची मुदत उलटून गेली होती. काही आठवड्यांनी केलेल्या तपासणीत त्याला एच.आय.व्ही.चा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. अहवाल हाती घेऊन तो आमच्या समुपदेशक भगिनींना म्हणाला, “ताई, रोज घ्यायची गोळी असते असं मी कुठेतरी वाचलं. मी इथं तीनदा आलो होतो. मला कुणी सांगितलं का नाही?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. उपचारात चूक झाली नव्हती. तिन्ही वेळा औषध योग्य होते, मात्रा योग्य होती, तपासण्या वेळेवर झाल्या होत्या. उणीव राहिली ती अठ्ठाविसाव्या दिवसानंतरच्या दिवसाची. त्या एकोणतिसाव्या दिवशी काय व्हावयास हवे, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संपर्कानंतरचे औषध

एच.आय.व्ही.चा विषाणू शरीरात शिरताच कायमचा वस्तीस येतो असे नाही. प्रथम तो प्रवेशाच्या ठिकाणच्या पेशींत राहतो, तेथून जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचतो आणि मग रक्तातून सर्वत्र पसरतो. या प्रवासाला दोन-तीन दिवस लागतात. त्या अवधीत विषाणूची वाढ रोखणारी औषधे शरीरात पोहोचली, तर संसर्ग रुजण्यापूर्वीच थांबविता येतो. या उपचाराला पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस, संक्षेपाने ‘पेप’, असे म्हणतात. मराठीत त्याला संपर्कोत्तर प्रतिबंध म्हणता येईल.

पेपचा उगम रुग्णालयांतच झाला. एच.आय.व्ही. बाधित रुग्णाचे रक्त काढताना परिचारिकेच्या बोटाला सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता हजारात सुमारे तीन असते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की सुई टोचल्यानंतर झिडोव्हुडीन हे औषध घेतलेल्या आरोग्यसेवकांत संसर्गाचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होता. पुढे हाच उपाय लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तींसाठी आणि लैंगिक संपर्कातून धोका उद्भवलेल्या इतरांसाठीही वापरला जाऊ लागला. आज साधारणपणे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्राव्हिर ही तीन औषधे २८ दिवस दिली जातात. ती तिन्ही एकाच गोळीत मिळतात. पहिली गोळी शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, पोटात जावी लागते. तासागणिक तिचा उपयोग घटत जातो.

वाचकांना एक परिचित उदाहरण देतो. कुत्रा चावल्यावर आपण धावत रुग्णालयात येतो आणि रेबीजची लस टोचून घेतो. हा संपर्कोत्तर प्रतिबंध झाला. परंतु गुरांचे डॉक्टर किंवा भटकी कुत्री पकडणारे कर्मचारी यांना चावा बसण्यापूर्वीच लस देऊन ठेवतात, कारण त्यांना हा धोका एकदाच येऊन संपणारा नसतो. दर वेळी त्यांनी चाव्याची वाट पाहावी असे कोणी म्हणत नाही. एच.आय.व्ही.च्या बाबतीत मात्र आम्ही त्या तरुणाला नेमके तेच करावयास लावले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा तो प्रकार होता, आणि चौथ्या वेळी विहिरीला पाणी लागले नाही.

पेप चांगले औषध आहे, पण ते पुष्कळ गोष्टींवर विसंबून असते. धोका झाला हे माणसाला कळावे लागते. ७२ तासांत कोठे जायचे, हे माहीत असावे लागते. त्या दिवशी दवाखाना उघडा असावा लागतो. अनोळखी व्यक्तीसमोर अत्यंत खाजगी गोष्ट बोलण्याचे धैर्य भीतीच्या ऐन भरात गोळा करावे लागते. ज्याने आपले समलैंगिकत्व घरातही सांगितलेले नाही, त्याच्यासाठी ही शेवटची पायरी सर्वांत उंच असते.

संपर्कापूर्वीचे औषध

दुसरा मार्ग प्री एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिसचा, म्हणजे ‘प्रेप’चा. एच.आय.व्ही. नसलेल्या पण पुढे धोका संभवणाऱ्या व्यक्तीने टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबिन (किंवा लॅमिव्हुडीन) या दोन औषधांची संयुक्त गोळी नियमित घ्यावयाची. औषध आधीच पेशींत हजर असल्याने विषाणू आला तरी त्याला वाढता येत नाही.

या उपायाचा पहिला मोठा पुरावा २०१० साली ‘आयप्रेक्स’ या अभ्यासातून मिळाला. सहा देशांतील २,४९९ समलैंगिक पुरुष व ट्रान्सजेंडर स्त्रिया त्यात सहभागी होत्या. प्रेप मिळालेल्या गटात संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा मध्यम वाटतो. परंतु त्या गटातील अनेकांनी गोळ्या प्रत्यक्षात घेतल्याच नव्हत्या. ज्यांच्या रक्तात औषध सापडले, त्यांच्यातील संरक्षण ९० टक्क्यांहून अधिक होते. औषध कपाटात ठेवून संरक्षण देत नाही, हा धडा त्यातून सर्वांना मिळाला. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वापरास मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली समलैंगिक पुरुषांसाठी, तर २०१५ साली लक्षणीय धोका असलेल्या सर्वांसाठी प्रेपची शिफारस केली.

आमच्या विषयाशी सर्वांत जवळचा अभ्यास इंग्लंडमधील ‘प्राउड’ हा होय. १३ दवाखान्यांतील ५४४ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटाला प्रेप लगेच मिळाले, दुसऱ्याला वर्षभर थांबावे लागले. थांबलेल्या गटाला पेप उपलब्ध होते आणि त्यांनी ते वापरलेही. तरीही २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा लगेच प्रेप मिळालेल्या गटात ३ व थांबलेल्या गटात २० जणांना संसर्ग झाल्याचे दिसले. म्हणजे धोका ८६ टक्क्यांनी घटला. आणीबाणीची सोय हाताशी असूनही ती नित्याच्या संरक्षणाची जागा घेऊ शकली नाही. आमच्या तरुणाची कथा हेच सांगते.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात २०१६ पासून मोठ्या प्रमाणावर प्रेप देण्यात आले. पहिले ३,७०० पुरुष दाखल झाल्यानंतरच्या वर्षभरात राज्यातील समलैंगिक पुरुषांमधील नवी निदाने २९५ वरून २२१ वर आली. हा लाभ गोळी घेणाऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही. साखळी तुटली की पुढची माणसेही वाचतात.

एकोणतिसावा दिवस

आता मुख्य प्रश्न. पेपवरून प्रेपवर कसे जावे? हा बदल वैद्यकीयदृष्ट्या कठीण नाही, फक्त तो वेळेवर आणि क्रमाने व्हावा लागतो.

पहिली पायरी म्हणजे पेप सुरू करतानाच पुढचे बोलणे सुरू करणे. रुग्ण त्या दिवशी घाबरलेला असतो आणि सर्व काही त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणून त्या दिवशी एवढेच सांगावे, की अठ्ठावीस दिवसांनंतरचा मार्गही आहे आणि त्याविषयी आपण शांतपणे बोलू. एच.आय.व्ही., कावीळ ‘ब’ आणि मूत्रपिंडाच्या कार्यासाठी क्रिएटिनिन या तपासण्या याच दिवशी होतात.

दुसरी पायरी तिसऱ्या आठवड्यातील भेट. तोवर भीती ओसरलेली असते. असा प्रसंग पुन्हा येण्याचा संभव आहे का, हे येथे विचारावयाचे असते. या प्रश्नात आरोप नसावा. ज्याला यापूर्वीही पेप घ्यावे लागले आहे, त्याला प्रेपची माहिती देणे हे आता आम्ही कर्तव्य मानतो.

तिसरी पायरी अठ्ठाविसाव्या दिवसाची एच.आय.व्ही. तपासणी. ही का आवश्यक, ते नीट समजून घ्यावे. प्रेपमध्ये दोनच औषधे असतात. नकळत संसर्ग झालेल्या माणसाला केवळ दोन औषधे देत राहिलो, तर विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होण्याची भीती असते. म्हणून ताप, घशाची सूज, अंगावर पुरळ, गाठी अशी ताज्या संसर्गाची लक्षणेही पाहतात. तपासणी निर्दोष असेल आणि रुग्णाची इच्छा असेल, तर दुसऱ्या दिवसापासूनच प्रेप सुरू करतात. मध्ये खंड ठेवीत नाहीत. ‘महिनाभराने येऊन सुरू करा’ असे सांगितलेला माणूस बहुधा येतो तो पुढच्या धोक्यानंतरच.

चौथी पायरी नियमित पाठपुराव्याची. पेपमुळे संसर्ग तपासणीत दिसण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून महिन्याने पुन्हा एच.आय.व्ही. तपासणी करतात आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी. गोळ्याही एका वेळी तीन महिन्यांच्याच देतात. याच भेटींत गरमी, परमा यांसारख्या गुप्तरोगांची तपासणी होते, कारण प्रेप त्यांपासून संरक्षण देत नाही. टेनोफोव्हिरचा मूत्रपिंडावर क्वचित परिणाम होतो, म्हणून ठरावीक काळाने क्रिएटिनिनही पाहतात. कावीळ ‘ब’ नसल्यास तिची लस देतात. ती असल्यास विशेष दक्षता घेतात, कारण हीच औषधे त्या विषाणूलाही दाबून ठेवतात आणि ती अचानक थांबविल्यास यकृताचा दाह उफाळून येऊ शकतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मळमळ किंवा पोट बिघडणे असा त्रास काहींना होतो व तो बहुधा आपोआप थांबतो.

ज्या पुरुषांचा संबंध क्वचित येतो, त्यांच्यासाठी प्रसंगापुरते प्रेप घेण्याची पद्धतही आहे. संबंधापूर्वी २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, त्यानंतर २४ तासांनी एक व ४८ तासांनी एक. फ्रान्स व कॅनडामधील ‘इपरगे’ अभ्यासात या पद्धतीनेही धोका ८६ टक्क्यांनी घटला. ती स्त्रियांसाठी योग्य नाही, आणि कावीळ ‘ब’ असलेल्यांनी ती वापरू नये. कोणती पद्धत घ्यावी हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. स्वतःच्या मनाने औषध सुरू करणे किंवा मित्राच्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे.

प्रेप जन्मभर घ्यावे लागते, असाही एक गैरसमज आहे. आयुष्यात धोक्याचे काळ येतात आणि जातात. धोका संपला की डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबविता येतात आणि पुढे गरज भासल्यास पुन्हा सुरू करता येतात.

हितचिंतकांचे काही प्रश्न

हा विषय विश्वस्तांपुढे मांडला तेव्हा काही प्रश्न विचारले गेले. ते आपल्याही मनात येतील, म्हणून येथे नोंदवितो.

‘अशा औषधाने बेफिकिरी वाढणार नाही का?’ काही पुरुष प्रेप घेऊ लागल्यावर निरोधाचा वापर कमी करतात, हे खरे आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. म्हणूनच त्रैमासिक तपासणी हा उपचाराचा अविभाज्य भाग आहे. परंतु आमच्या अनुभवात प्रेप मागणारा माणूस बेफिकीर नसतो. तो दर तीन महिन्यांनी रक्त देण्यास तयार असतो. मधुमेही रुग्णाला इन्सुलिन देताना तो गोड खाईल की काय, या शंकेने आपण औषध अडवून धरीत नाही.

‘समलैंगिक पुरुषांचाच विचार का?’ कारण धोका तेथे अधिक आहे. राष्ट्रीय अंदाजानुसार देशातील प्रौढांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते ३ टक्क्यांच्या पुढे आहे. याला शारीरिक कारणे आहेत, तशी सामाजिकही आहेत. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मुळे ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत, प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंधही गुन्हा ठरत होते. ज्याला कायद्याची व घरच्यांची दोहोंची भीती आहे, तो डॉक्टरांपाशी खरे बोलत नाही. आणि खरे कळल्याविना उपचार होत नाही.

‘खर्च कोण करणार?’ बाधित रुग्णांना शासनाच्या केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून उपचार मोफत मिळू लागले. प्रेपसाठी मात्र बहुतेकांना अजून स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो. सुदैवाने ही औषधे आपल्या देशात तयार होतात. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभर किमतींची चर्चाच बदलली. आता सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाचे लेनाकापाव्हिर हे इंजेक्शनही आले आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली व जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याची स्वस्त आवृत्ती बनविण्याचे परवाने मिळालेल्यांत भारतीय कंपन्या आहेत. घरात गोळ्यांची बाटली ठेवणे ज्यांना अशक्य आहे, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय ठरू शकेल.

कुटुंबीयांना विनंती

आपल्या मुलाच्या किंवा भावाच्या कपाटात अशा गोळ्या आढळल्या, तर त्याला एच.आय.व्ही. झाला आहे असा अर्थ काढू नये. प्रेपची गोळी ही आजार नसल्याची आणि तो होऊ न देण्याच्या निश्चयाची खूण आहे. आणि संसर्ग झालेला असला, तरी आज तो मृत्यूचा निरोप नव्हे. नियमित औषधाने विषाणूचे रक्तातील प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली आले, की त्या व्यक्तीकडून लैंगिक मार्गाने संसर्ग होत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात ७८२ समलैंगिक जोडप्यांचे निरीक्षण करण्यात आले. उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून दुसऱ्याला संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि रुग्णाची माहिती उघड करता येत नाही. कुटुंबीयांनी विचारले तरी आम्ही ती सांगत नाही. यात अविश्वास नाही. मुलाने ती गोष्ट स्वतःहून आपल्यापाशी बोलावी, असे वातावरण घरात असणे हा आमच्या कोणत्याही औषधाहून मोठा आधार आहे. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय मदत दूरध्वनी विनामूल्य आहे.

आम्ही काय बदलले

त्या प्रश्नानंतर आम्ही तीन साध्या गोष्टी केल्या. पेपची पहिली गोळी आता अपघात विभागात रात्री व सुटीच्या दिवशीही मिळते, उर्वरित सोपस्कार नंतर होतात. नोंदणीच्या खिडकीवर कारण विचारले जात नाही, बोलणे समुपदेशकांच्या बंद खोलीतच होते. आणि पेप घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी एक छोटे कार्ड दिले जाते. त्यावर रुग्णाचे नाव नसते. औषधाच्या अखेरच्या दिवसाची तारीख असते आणि तिच्याखाली पुढच्या भेटीची.

या कार्डाचा कच्चा मसुदा आम्ही त्या तरुणाला वाचावयास दिला होता. तो नियमित उपचार घेतो. त्याच्या रक्तातील विषाणू आता मोजमापाच्या खाली आहे आणि प्रकृती उत्तम आहे. मसुद्याच्या शेवटी आम्ही सवयीने ‘काळजी घ्या’ असे छापले होते. त्याने ते शब्द खोडले आणि म्हणाला, “हे मला तीनदा सांगून झालं होतं. इथं फक्त पुढची तारीख लिहा.”

आम्ही तसेच केले. हितचिंतकहो, आपल्या देणगीतून यंत्रे येतात, इमारती उभ्या राहतात. यंदा आपल्या देणगीतून हे कार्डही छापले आहे. ते तळहाताएवढे आहे आणि त्याला खर्च नाममात्र आला. तरीही अहवालात त्याची नोंद व्हावी, असे आम्हाला मनापासून वाटले.